विचारांचा लगाम : छिन्नमनस्कता आणि सामाजिक जीवन

'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये प्रथम वापरला. मराठीत या विकारास 'छिन्नमनस्कता' म्हणतात. भास आणि भ्रम ही त्याची ठळक लक्षणे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. परंतु औषधांनी भास ओसरल्यावरही नोकरी, मैत्री, घरातील साधे बोलणेचालणे अनेक रुग्णांना जड का जाते, हा प्रश्न उरतोच. त्याच्या उत्तराचा एक भाग 'अधिबोधा'त, म्हणजे स्वतःच्या विचारांवर विचार करण्याच्या क्षमतेत, सापडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी ही संकल्पना १९७० नंतरच्या दशकात मांडली.

एक उदाहरण घेऊ. पुढच्या बाकावरील दोघे हसले. 'ते मलाच हसले' असा विचार आपल्यापैकी कुणाच्याही मनात येईल. पण पाठोपाठ दुसरा विचार येतो, 'त्यांचे काही वेगळेच चालले असेल.' हा दुसरा विचार म्हणजे लगाम होय. तो ढिला पडला की शंकेची खात्री होते. मग माणूस वर्गात येणे टाळतो, मित्र दुरावतात आणि शंका दूर करील असे जवळ कोणीच उरत नाही.

हक, गॅरेटी व हेम्सली या इंग्लंडमधील संशोधकांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन बरण्या घ्यायच्या. एकीत ८५ मणी एका रंगाचे व १५ दुसऱ्या रंगाचे, दुसरीत याच्या उलट. एका बरणीतील एकेक मणी दाखवत जायचे आणि बरणी कोणती ते ओळखायला सांगायचे. भ्रम असलेले रुग्ण इतरांपेक्षा कमी मणी पाहूनच निर्णय देत. येथे उणीव बुद्धीची नसून थांबण्याची होती, असे म्हणता येईल.

थांबणे शिकवता येते. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे श्टेफेन मोरित्झ व सहकाऱ्यांनी त्यासाठी गटाने घ्यावयाचे प्रशिक्षण तयार केले. त्यात एकाच प्रसंगाची निरनिराळी कारणे शोधतात आणि 'मला याची कितपत खात्री आहे?' असे स्वतःस विचारण्याची सवय लावतात. हे प्रशिक्षण औषधांच्या जोडीला असते, त्यांच्याऐवजी नव्हे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण आपण पाहिली. रुग्णाला लगाम शिकायचा तर असे कोणीतरी जवळ राहावे लागते. एखाद्याचे एखादे वागणे पाहून त्याला 'वेडा' ठरवून मोकळे होणारे आपण तरी दुसरा मणी पाहण्यास कुठे थांबतो?