सुधारित मॅकिंटॉश एसई/३० विकताना

प्रश्न : मॅकिंटॉश एसई/३० या जुन्या संगणकाची मेमरी वाढवून हार्डडिस्कऐवजी मेमरी कार्डावर चालणारे साधन बसवले आहे. हा खर्च विक्रीच्या किमतीत धरावा का?

उत्तर : सहसा धरू नये. अ‍ॅपलने १९८९ मध्ये बाजारात आणलेल्या या यंत्राचा ग्राहक वेगासाठी नव्हे, तर अस्सलपणासाठी पैसे मोजतो, आणि म्हणून १२८ मेगाबाइटपर्यंत नेलेल्या मेमरीपेक्षा मदरबोर्डची, म्हणजे सर्व भागांना जोडणाऱ्या मुख्य फलकाची, स्थिती त्याला महत्त्वाची वाटते. या फलकावरील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे छोटे घटक, कालांतराने गळू लागतात व त्यांतील द्रव तांब्याच्या रेषा कुरतडतो. घड्याळाची लिथियम बॅटरी फुटली, तर सारा फलकच निकामी होऊ शकतो. त्यामुळे कपॅसिटर बदलल्याचा व जुनी बॅटरी काढल्याचा छायाचित्रांसह पुरावा हीच किंमत वाढवणारी खरी सुधारणा होय. काढलेली मूळ डिस्क बंद असली तरी, तिच्यावर खासगी मजकूर उरला नसल्याची खात्री करून, सोबत द्यावी. त्या काळचे अ‍ॅक्सिलरेटर कार्ड, म्हणजे अधिक वेगवान प्रोसेसर असलेला जोडफलक, मात्र अपवाद ठरतो, कारण ते दुर्मीळ असून स्वतंत्रपणे विकणे अधिक लाभाचे ठरू शकते. काचेची चित्रनलिका असलेले हे यंत्र, शक्य तेथे, पार्सलने न पाठवता हातोहात सोपवावे.