विश्व सपाट आहे; मग ते अनंतही आहे का?

कडावच्या एखाद्या भातखाचरात तीन खुंट्या रोवून दोरी ताणली आणि त्या त्रिकोणाचे कोन मोजले, तर बेरीज १८० अंश येईल. परंतु उत्तर ध्रुवावरून काटकोनात निघणारी दोन रेखावृत्ते विषुववृत्तापर्यंत नेली, तर तिन्ही कोन काटकोन होतात व बेरीज २७० अंश भरते. पृथ्वीच्या मानाने खाचर फार लहान, म्हणून तेथे तिची गोलाई मोजण्यात येत नाही.

अवकाशाची वक्रता ओळखण्याची कसोटीही हीच. बेरीज १८० हून अधिक भरली तर वक्रता धन, कमी भरली तर ऋण, नेमकी तेवढीच भरली तर अवकाश सपाट. मात्र त्यासाठी त्रिकोण अतिप्रचंड हवा. विश्वाचे वय सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे असताना निघालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी आपल्याकडे येतो. त्यातील किंचित उष्ण व थंड ठिपक्यांचा मूळ आकार गणिताने काढता येतो. ते आज सुमारे एक अंशाचे दिसतात. सपाट अवकाशात तेवढेच दिसावयास हवेत. प्लँक उपग्रहाचे २०१८ चे निष्कर्ष आणि दीर्घिकांची निरीक्षणे एकत्र घेतली असता वक्रता शून्य ठरते. त्यातील अनिश्चितता सुमारे ०.२ टक्के आहे.

तरीही सपाट म्हणजे अनंत नव्हे. कागदाची सुरळी केली, तरी तिच्यावरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बदलत नाही; मात्र तिच्याभोवती सरळ चालणारी मुंगी मूळ जागी परत येते. विश्व असे स्वतःशीच जुळलेले व पुरेसे लहान असेल, तर आकाशात तीच नक्षी पुन्हा आढळली पाहिजे. पुण्याच्या आयुका संस्थेतील तरुण सौरदीप यांनी बॉन्ड व पोगोस्यान यांच्यासह २००० साली, ऋण वक्रतेच्या सांत विश्वांत ही नक्षी कशी दिसेल, याचे गणित प्रसिद्ध केले. अशी पुनरावृत्ती आजवर सिद्ध झालेली नाही; पण तेवढ्याने विश्व अनंत ठरत नाही.

‘लोक सांत की अनंत?’ हा प्रश्न चूळमालुंक्य सुत्तात भगवान बुद्धांनी अव्याकृत, म्हणजे अनुत्तरित ठेवला. कारण त्याच्या उत्तराने दुःखाचा निरोध होत नाही. विज्ञान तो खुला ठेवते, ते पुरावा अपुरा आहे म्हणून. ही दोन कारणे भिन्न आहेत. त्यांची सरमिसळ करून आधुनिक शोध सुत्तात शोधू गेल्यास दोहोंवर अन्याय होतो. आपल्या विद्यार्थ्यांनी दोन्ही कारणे नीट समजून घ्यावीत, आणि खाचर मोजून पृथ्वीचा आकार सांगण्याची घाई करू नये.