खिळ्यावरची माळ

आमच्या वस्तीत कोणाचे डोळे पिवळे दिसले की दवाखान्याच्या आधी माळेची आठवण होते. शाळेत असताना मला कावीळ झाली, तेव्हा आईने शेजारच्या गावातल्या बाबांकडे नेले. त्यांनी ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून माळ केली आणि डोक्यावर ठेवली. ती रोज सैल होत गेली, गळ्यात उतरली, मग कमरेपर्यंत आली. तीन आठवड्यांत मी बरी झाले. पुढे परिचारिका झाले, तरी त्या माळेसाठी मनाचा एक कोपरा राखलेलाच होता. बरी तर झाले होते ना!

दूषित पाण्यातून होणारी कावीळ 'ए' किंवा 'ई' विषाणूमुळे होते आणि बहुतेकांचे शरीर काही आठवड्यांत तिला स्वतःच परतवते. माळ घाला नाहीतर नाकात थेंब टाका, पिवळेपणा उतरतोच. श्रेय मात्र त्या दिवसांत जो उपाय चालू असेल त्याला जाते.

माझ्या जावेला आठव्या महिन्यात कावीळ झाली, तेव्हा मी नोकरीनिमित्त परजिल्ह्यात होते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "माळ घातलीय, गुडघ्यापर्यंत आली. उतरतेय आता." मी गप्प बसले. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात, हे मला पाठ होते, तरी गप्प बसले. चौथ्या दिवशी ती दिवसाही झोपून राहू लागली, हाक मारली तर भलतेच बोलू लागली. तेव्हा कुठे तिला रुग्णालयात नेले. जाऊ वाचली. बाळ गेले.

त्यानंतर मी त्याच बाबांकडून एक माळ मागून आणली आणि घरातल्या खिळ्याला अडकवली. आठवडाभरात ती खिळ्यावरही लांबली. खिळ्याला कुठली कावीळ? काड्या वाळून आक्रसतात आणि गाठीत अडकलेला दोरा मोकळा होतो, एवढेच. चुन्याच्या निवळीत हात धुऊन पिवळे पाणी दाखवतात, त्यात हाताला आधीच आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. नाकात थेंब टाकल्यावर वाहणारे पिवळे पाणी नाकाच्या आतल्या त्वचेची आग झाल्यामुळे येते. दंडावर डाग देणे तर सरळ जखमच.

पण एक सांगते. त्या बाबांनी पैसे मागितले नाहीत आणि आईचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. दवाखान्याच्या रांगेत तेवढे ऐकणारा सापडत नाही. लोक माळेकडे वळतात त्यात आम्हा दवाखान्यातल्या लोकांचाही वाटा आहे.

कावीळ दिसली की आधी रक्त तपासा, कारण सगळ्या काविळी सारख्या नसतात. 'बी' आणि 'सी' रक्तातून, वापरलेल्या सुईतून पसरतात आणि वर्षानुवर्षे यकृत पोखरतात. 'सी' आता गोळ्यांनी बरी होते. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. 'बी'ची लस बाळाला जन्मानंतर चोवीस तासांत मिळाली पाहिजे, ती मागून घ्या. पित्ताचा खडा अडकल्यानेही कावीळ होते. तेव्हा अंगाला खाज सुटते, शौच पांढुरके होते. रुग्ण गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त येऊ लागले तर रात्र उजाडायची वाट पाहू नका.

नुसत्या भातावर आणि गाडीवरच्या उसाच्या रसावर रुग्णाला ठेवू नका, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा कोण जाणे. भाकरी, वरण, भाजी, पचेल ते द्यावे. दारू पूर्ण बंद. पुडीत काय आहे हे सांगता येत नसेल तर ती पुडी घेऊ नये, आजारी यकृतावर तिचाही भार पडतो. आणि नळाची पाइप गटारातून जात असेल तर पाणी खळखळून उकळा.

गेल्या पावसाळ्यात शेजारची बाई माळवाल्या बाबांचा पत्ता विचारायला आली. सुनेचे डोळे पिवळे झाले होते. मी म्हटले, "माळ घालायची तर घाला, पण आधी रक्त देऊन येऊ." सकाळी आठ वाजता आम्ही तिघी ओपीडीच्या रांगेत उभ्या होतो. सुनेला सहावा महिना होता.