वहीच्या कुठल्या बाजूला?

देवपूर, धुळे

चि. भाऊ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोन केला असता तर मामाचा आवाज चढला असता आणि तू 'हो मामा, हो मामा' म्हणत ठेवून दिला असतास. म्हणून पत्र. 'मी' लिहायला घेतलं की कागदावर नुसता राग उतरतो, तेव्हा तुला लहानपणी समजवायचा तसं मामा मामा म्हणूनच लिहितो आहे.

परवा पाचोऱ्याच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मामाला विचारलं, "जळगावला मू. जे.ला बी.कॉम. करतो तो तुमचाच भाचा ना? महिन्याला पाच टक्के देतो म्हणे. आमच्या पोराचे आठ हजार आहेत त्याच्याकडे. माझेही वीस हजार घेतो का, विचारून सांगा." तक्रार केली असती तर मामा दोन शब्द भांडून मोकळा झाला असता. त्यांनी विश्वास दाखवला, त्याचीच भीती वाटली. वरण घालून बट्टी चुरून ठेवली होती, ती तशीच ताटात राहिली.

मग मामाने इकडे-तिकडे विचारलं. चार मुलं, मिळून एक्केचाळीस हजार. पैसे शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये. टेलिग्रामवर कुणीतरी 'कॉल' देतो, एक्स्पायरीच्या दिवशी भाचा वर्गात नसतो, आणि फीचा दुसरा हप्ता भरलेला नाही. यातलं खोटं किती, ते तू सांग. एक शब्द जरी खरा असेल, तरी आधी त्या चौघांचे पैसे परत कर.

महिन्याला पाच टक्के म्हणजे किती, हे वाणिज्य शाखेच्या मुलाला सांगायला नको, पण मामा मांडून दाखवतो. चक्रवाढीने वर्षाला जवळजवळ ऐंशी टक्के होतात. पीपीएफ २०२० पासून ७.१ टक्के देतो, त्यात पैसे दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. तू चौदा-पंधरा महिन्यांतच दुप्पट करायचं कबूल करून बसलास. आणि कशाच्या जोरावर? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे-ऑप्शनचा तीन वर्षांचा हिशेब जाहीर केला. एक कोटीहून अधिक सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा उरलेले शंभरात एक. त्या अहवालातली दोन वाक्यं मामाने पेन्सिलीने अधोरेखित केली आहेत: २०२३-२४ मध्ये या खेळातले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते, आणि चारातल्या तिघांनी आपलं उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. म्हणजे तुझ्याच वयाची, आपल्याच घरांसारख्या घरांतली मुलं.

दिवाळीत तू म्हणाला होतास, "मामा, अमळनेरच्या लोकांनी शेअरमध्येच पैसा केला ना?" केला. त्या दिवशी वहीपूजनाच्या गडबडीत उत्तर राहून गेलं, ते आज देतो.

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तुझं मू. जे. महाविद्यालयही त्याच वर्षाचं. १९६६ मध्ये वडील गेले आणि एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींना अमेरिकेतलं शिक्षण अर्धं टाकून कंपनी सांभाळायला यावं लागलं. तीच पुढे विप्रो. अमळनेरात आजही अनेक घरांत तिचे शेअर आहेत. आता कागद घे. १९९७ च्या बोनसआधी एखाद्याकडे एकच शेअर होता असं धर. त्या वर्षी एकावर दोन मिळाले, झाले तीन. १९९९ ला दहाच्या दर्शनी किमतीचा दोनचा झाला, पंधरा. २००४ ला पुन्हा एकावर दोन, पंचेचाळीस. २००५ ला नव्वद, २०१० ला दीडशे, २०१७ ला तीनशे, २०१९ ला चारशे आणि डिसेंबर २०२४ ला आठशे. सत्तावीस वर्षांत एकाचे आठशे. पण या सत्तावीस वर्षांत त्या माणसाने काय केलं? काहीच नाही. कागद ट्रंकेत पडून होता, तो शेतात जात होता, दुकान उघडत होता, पोरांच्या फिया भरत होता. आणि कागद त्याच्या स्वतःच्या पैशांचा होता. शेजाऱ्याकडून पाच टक्क्यांनी घेतलेल्या पैशाला सत्तावीस वर्षं कोण देतो? पुढच्या एक तारखेला तो दारात उभा राहतो.

आणि हेही लक्षात ठेव, की खानदेशातली प्रत्येक गिरणी विप्रो झाली नाही. त्याच अमळनेरात प्रताप मिल होती. भोंगा वाजला की गावाने घड्याळ लावावं असा तिचा थाट होता. तीही बंद पडली. कुठला कागद आठशे होईल आणि कुठला रद्दी, हे आधी कुणालाच कळत नाही. म्हणून तर तुमच्या पुस्तकात पैसे विभागून ठेवायचा धडा आहे.

आता मुद्द्याचं विचारतो. त्या चौघांचे पैसे तू वहीच्या कुठल्या बाजूला लिहिलेस?

मामाने तीस वर्षं जिनिंगमध्ये हिशेब लिहिला. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. आता टॅली आली, पण बाजू दोनच राहिल्या. कापसाचा चुकारा ज्या शेतकऱ्याला द्यायचा आहे, त्याचे पैसे गल्ल्यात दिसतात तेव्हा मालकालाही मोह होतो. गल्ल्यात असले तरी ते आपले नसतात. ते देणे बाजूला असतात. एवढं एक ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं तो निम्मं अर्थशास्त्र शिकला, असं मामाचं मत आहे. मोठमोठ्यांना ते जमलं नाही. जळगावातच मुख्य कार्यालय असलेल्या बीएचआर, म्हणजे भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या, २०१५ मध्ये तिच्यावर अवसायक नेमावा लागला. कुणी पेन्शनचे ठेवले होते, कुणी मुलीच्या लग्नाचे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. अनेकांना हे पैसे अडकल्यावर कळलं. आणि परताव्याचं आश्वासन देऊन परक्यांचे पैसे गोळा करणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, देशभरासाठी २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांच्या बंदीचा कायदा आहे. तुझे एक्केचाळीस हजार लहान आहेत. पण सुरुवात सगळ्यांची ओळखीतल्या चौघांपासूनच होते, भाऊ. पाचोऱ्याचे गृहस्थ पाचवे होते.

मामाला हे कसं कळतं, ते आजवर तुला कुणी सांगितलेलं नाही. तुझ्या आईनेही नाही.

१९९२ साली मामा जळगावला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होऊन दोनच वर्षं झाली होती. हर्षद मेहताचं नाव चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू यायचं, आणि जानेवारीत दोन हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २२ एप्रिलला ४,४६७ वर गेला. तुझी आई तेव्हा बारावी झाली होती. डी.एड.च्या प्रवेशासाठी तिने शिवणकाम करून साठवलेले ३,२०० रुपये होते, पितळी डब्यात, रुमालात गुंडाळून. मामाने तिला सांगितलं, जूनपर्यंत दुप्पट करून देतो. तिने रुमालासकट दिले. मामाने कुणाच्या तरी सांगण्यावरून एका कंपनीचे शेअर घेतले. एप्रिलअखेर मेहताचा घोटाळा बाहेर आला, बाजार घसरला, ती कंपनी तर दिसेनाशीच झाली.

जूनमध्ये तिने एकदाच विचारलं, "दादा, फॉर्मची तारीख गेली का रे?"

मामा म्हणाला, "पुढच्या वर्षी भरू." पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

पारोळ्याच्या घरात ती ओट्यावर बसून फॉल-पिको करते तेव्हा मामा तिच्या हातांकडे बघत नाही. तिने त्या पैशांचा विषय आजतागायत काढलेला नाही. उलट तुला वाणिज्य शाखेत घालायचं ठरलं तेव्हा तीच म्हणाली, "दादाला विचार, त्याला त्यातलं कळतं."

फार बोलला मामा. तू वाईट मुलगा नाहीस. सातवीत असताना आईच्या शिलाईची वही तू लिहायचास, 'ब्लाऊज, उधार, शेजारच्या काकू' अशी; मामाच्या व्याजाच्या बेरजेतली चूकही तूच काढली होतीस. पाचोऱ्याच्या माणसाला तुझ्यावर विश्वास वाटला, त्यालाही काही कारण असेल. ती बुद्धी जप. शेअर बाजार शिकूच नकोस असं मामा म्हणत नाही. सेबीची गुंतवणूकदारांसाठीची परीक्षा एनआयएसएममार्फत फुकट देता येते, ती दे. फी भर, दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम बँकेत बाजूला ठेव. मग स्वतःच्या कमाईतले पाचशे रुपये महिन्याला चांगल्या म्युच्युअल फंडात घाल आणि विसर. खोलीत रात्री एकटाच मोबाइलच्या उजेडात बसू नकोस. जेवतोस ना वेळेवर?

पैसे बुडाले असतील तर तसं सांग. किती बुडाले ते पूर्ण सांग, अर्धं नको. मामाची आर.डी. या महिन्यात सुटते आहे. चौघांचे पैसे आपण दोघं मिळून देऊ, हातात देऊ, आणि उशीर झाला म्हणून माफी मागू. आईला मामा काही बोलणार नाही. तुला वाटलं तर तू सांग. ती रागावणार नाही. जवळ घेऊन "बरा शे ना भाऊ?" एवढंच विचारेल, तिला मामा ओळखतो.

शनिवारी जळगावहून धुळ्याची एसटी पकड आणि पारोळ्याला उतर. मामा धुळ्याहून येतो, स्टँडवर उभा असेल. आईने भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ आणून ठेवलंय. तुझी वही आण. मामा १९९२ चं ते शेअर सर्टिफिकेट आणतो. तेहतीस वर्षं ट्रंकेत आहे, तुझ्या आईनेही अजून पाहिलेलं नाही.

तुझा,
मामा