दस्तुरीच्या पुढचा हिशेब

माथेरान महाग आहे, असं डोंबिवली-ठाण्याकडची माणसं सरसकट म्हणतात. सीझनमधल्या शनिवारी ते खरंही आहे. पण सासूबाई, नणंद, तिची नि आमची पोरं असा लवाजमा घेऊन आम्ही इथं वरचेवर जातो आणि खिसा फार न फाडता परततो. त्यातून जे समजलं ते असं :

1. खोलीचं भाडं विचारू नये, दिवसाचा खर्च काढावा.

इथं मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढचे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, ई-रिक्षानं, नाहीतर नाक्याला लागूनच असलेल्या अमन लॉज स्टेशनातून सुटणाऱ्या मिनीट्रेनच्या शटलनं जायचे. माणसांचं जे, तेच सामानाचं. गॅसचं सिलिंडर, दूध, भाजी, बांधकामाची वाळू, सगळं घोड्याच्या पाठीवरून नाहीतर हातगाडीवरून वर येतं. ती मजुरी प्रत्येक चहात आणि पाण्याच्या प्रत्येक बाटलीत धरलेली असते. त्यामुळे खोली स्वस्त मिळाली आणि खाणंपिणं सगळं बाहेर केलं, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती स्वस्ताई संपलेली असते. आम्ही वहीत एकच आकडा लिहितो : राहणं, दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा आणि हमाली धरून माणशी एका दिवसाचे किती. दोन जागांची तुलना त्याच आकड्यावर करायची. यात पहिल्यांदा स्वस्त वाटलेली जागा बऱ्याचदा मागं पडते.

2. पूर्ण जेवणाचं पॅकेज सगळ्यांना सोयीचं नसतं.

माथेरानातल्या जुन्या हॉटेलांची पद्धत माणशी दराची : सकाळचा चहा, नाश्ता, दुपारचं जेवण, चार वाजताचा चहा, रात्रीचं जेवण. ऐकायला झकास वाटतं. पण दुपारचं जेवण हॉटेलात म्हणजे एक वाजता जिथं असाल तिथून परत. लुईझा पॉइंट, एको पॉइंट, शार्लट तलाव अशी एका बाजूची भटकंती सकाळी काढली, तर अर्ध्या वाटेवरून मागं फिरावं लागतं, आणि जेवून पुन्हा कुणी उठत नाही. मग उरलेले पॉइंट बघायला घोडे करायचे, म्हणजे पुन्हा खर्च. पोरं मोठी असतील तर नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच ठरवावं. दुपारी वाटेतल्या टपरीवर मॅगी, भुर्जीपाव, काकडी-कैरी यावर त्यांचं भागतं, किंबहुना त्यांना तेच हवं असतं. सासूबाईंसारखं जेवून आडवं व्हायचं असेल, तर मात्र पूर्ण पॅकेज घ्यावं आणि त्यातला चार वाजताचा चहा सोडू नये.

मुलांचा दर आधी ठरवून घ्या. कुठं पाच वर्षांपर्यंत फुकट, कुठं त्याआधीच अर्धं तिकीट. वाढीव गादीचे पैसे वेगळे की त्यातच, कर धरून सांगताय की सोडून, हेही त्याच फोनवर. घरगुती खाणावळीच्या मावशी भाव सांगण्याआधी उलट विचारतात, "ताई, जेवण माझ्याकडंच घेणार ना? मग बोलते." त्यांचं गणित सरळ आहे, खोलीत चार पैसे सोडायचे आणि ताटात मिळवायचे. आपल्याला ताट घ्यायचंच असेल तर घासाघीस खोलीवर करावी. ताटावर केली तर भाजी पातळ होते.

3. दोन खोल्यांपेक्षा एक मोठी बघावी.

बऱ्याच जुन्या हॉटेलांत चार-पाच पलंगांच्या ऐसपैस खोल्या असतात, पुढं व्हरांडा. बुकिंगच्या ॲपवर मात्र दोन माणसांची खोलीच पुढं येते. फोन करून "फॅमिली रूम आहे का, किती पलंगांची?" असं विचारावं लागतं. बाथरूम एकच असतं ही अडचण आहे खरी. आमच्याकडे सासूबाई पहाटे पाचला उठतात, त्यामुळे रांग आपोआप लागते. गरम पाणी कधी, तेही विचारा; काही ठिकाणी ते ठरावीक वेळेलाच आणि बादलीनं मिळतं.

4. "पाच मिनिटांवर" म्हणजे कुठून?

फोनवर प्रत्येक जागा बाजारापासून पाच मिनिटांवर असते. घोड्याची पाच मिनिटं की सासूबाईंची, ते कळत नाही. म्हणून मी वेगळं विचारते : शटलमधून उतरून माथेरान स्टेशनाबाहेर पडल्यावर डावीकडं की उजवीकडं, शेजारी कुठलं दुकान, वाटेत चढ किती. आणि पेव्हर ब्लॉक हॉटेलाच्या दारापर्यंत आहेत का? ब्लॉक संपले की लाल माती नि दगड सुरू, तिथं चाकांची बॅग उचलूनच न्यावी लागते. आम्ही आता पाठीवरच्या सॅक नेतो, हमाल लागत नाही. हमाल केलाच तर नगावर की फेरीवर, ते सामान उचलण्याआधी ठरवावं. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये दिला, ते योग्यच झालं. माणसानं माणसाला चढावर ओढायचं हे बघवत नसे. पण गर्दीच्या दिवशी ई-रिक्षाला रांग असते, तेव्हा शटलच्या वेळा आधी बघून ठेवाव्यात.

एमटीडीसीचं निवासस्थान दस्तुरीजवळच झाडीत आहे. गाडीनं येणाऱ्यांना आणि ज्येष्ठांना ते बरं, सामानाची कटकट वाचते. पोरांना मात्र रोज संध्याकाळी बाजारात चिक्की नि चपला बघायला जायचं असतं, आणि तिथून ते लांब पडतं.

5. रविवारी दुपारी वर चढावं.

त्या वेळी सगळी मुंबई खाली उतरत असते. सकाळपर्यंत नाही म्हणणारा मालक दुपारी स्वतःहून दर सांगतो. रविवार ते गुरुवार हा आपला काळ. मे महिन्यात पोरांना शाळा नसतेच, तेव्हा शनिवारचा हट्ट धरायचं काही कारण नाही, नोकरीवाल्यांनी दोन रजा टाकाव्यात.

दिवाळीचं गणित निराळं. आपण फराळ, भाऊबीज उरकून बाहेर पडतो आणि नेमकं त्याच दिवसांत गुजरातेतून आलेल्या कुटुंबांनी सगळी हॉटेलं भरलेली असतात. त्यांचे व्यवहार लाभपंचमीला पुन्हा सुरू होतात. ती पंचमी गेली की गर्दी ओसरू लागते, दर उतरतात आणि आपल्या शाळांची सुट्टी बऱ्याच वर्षी अजून शिल्लक असते. हवाही तेव्हाच उत्तम.

6. नेरळला राहून रोज वर जाऊ, हा विचार सोडून द्यावा.

पायथ्याशी खोल्या स्वस्त आहेत. पण घाटातली टॅक्सी माणशी, वर नगरपालिकेचा प्रवेशकर, तिथून पुन्हा शटल, आणि हे सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा. शिवाय माथेरानची संध्याकाळ हुकते, मग आलो कशाला? कर्जत किंवा खोपोली लोकलनं नेरळला उतरावं आणि थेट वर जावं. नेरळहून मिनीट्रेननंच जायचं असेल तर वेळ हाताशी ठेवा. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1907 साली पूर्ण केलेली ही 21 किलोमीटरची नॅरोगेज घाटात दोन तासांहून जास्त घेते, गाड्या मोजक्या आणि खिडकीवर गर्दी. आम्ही जाताना टॅक्सी करतो आणि गाडीची हौस शटलवर भागवतो. पोरांची त्यावर अजून तक्रार आहे.

7. नाक्यावर खोली ठरवू नये.

दस्तुरीला उतरताच तीन-चार जण पुढं येतात. चालत जाता येणार नाही, गाडी बंद आहे, तुमचं हॉटेल फार लांब, आमच्याकडं चला. यातलं बहुतेक खोटं असतं. या प्रकारानं गावकरीही वैतागले आहेत. पर्यटकांच्या फसवणुकीच्या तक्रारींवरून मार्च 2025 मध्ये माथेरानकरांनी गावच बंद ठेवलं होतं. आधी ठरवलेलं नसेल तर सामान आणि वडीलधारी मंडळी माथेरान स्टेशनाजवळच्या हॉटेलात चहाला बसवावीत आणि दोघांनी बाजारामागच्या गल्ल्या फिरून याव्यात. "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्या तिथं दिसतात. खोली बघताना गादी नंतर, आधी खिडकी : जाळी नसेल तर माकडं आत येतात आणि बिस्किटांच्या पुड्यासाठी बॅगेची चेन उघडतात.

8. बँकेतल्या नातेवाइकाला फोन करा.

बँकांची, विमा कंपन्यांची हॉलिडे होम्स म्हणजे बऱ्याचदा एखाद्या चालू हॉटेलातल्या दोन-चार राखून ठेवलेल्या खोल्याच असतात. कर्मचाऱ्यांना त्या नाममात्र दरात मिळतात. नणंदेचे यजमान बँकेत आहेत, म्हणून आमची मे महिन्याची सोय होते. कुणाला सोबत नेता येतं याचे नियम मात्र वाचून घ्यावेत, भिडेखातर कुणाची नोकरी अडचणीत आणू नये.

9. पावसाळ्यात अर्ध्या दरात खोली मिळते, पण बघून.

जून ते सप्टेंबर मधल्या वारी बरेच मालक पडेल त्या भावाला तयार असतात. काही हॉटेलं बंदच असतात. नेरळहून वर येणारी गाडी बंद, अमन लॉजचं शटल चालू. धुकं इतकं की पॉइंटवर पांढऱ्या पडद्यापलीकडं काही दिसत नाही, तेव्हा वेळ खोलीतच जास्त जातो. म्हणून पावसात व्हरांड्याची खोली घ्यावी आणि पत्ते न्यावेत. तळमजल्याची नको, भिंतींना ओल येते. ओले कपडे वाळता वाळत नाहीत, नायलॉनची दोरी घरून न्या. आणि वीज गेल्यावर जनरेटर चालवतात का, तो पंख्यालाही पुरतो की फक्त दिव्याला, हे भाड्याची गोष्ट निघण्याआधी विचारा.