मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : अर्ज केव्हा करावा?

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ साली विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ हा समुपदेशन प्रकल्प हाती घेतला. त्यात यवतमाळचा समावेश होता. खचलेल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलू शकणारी, पण शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली माणसे या जिल्ह्यातूनच तयार व्हावीत, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र मानसशास्त्र घेऊन पदवीधर होणारे अनेक विद्यार्थी नामांकित संस्थांच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत. गुणवत्तेच्या अभावापेक्षा उशीर हे त्याचे मोठे कारण आहे.

ग्रामीण भागात रीत अशी की, आधी निकाल, मग गुणपत्रिका आणि त्यानंतर पुढचा विचार. राज्यातील विद्यापीठांच्या प्रवेशासाठी ही रीत बहुधा चालून जाते. केंद्रीय विद्यापीठे आणि मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांचे प्रवेश मात्र सामायिक परीक्षेद्वारे होतात. २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी या परीक्षेच्या अर्जांची मुदत फेब्रुवारीतच संपली आणि परीक्षा मार्चमध्ये सुरू झाल्या. पदवीच्या अंतिम वर्षात शिकणाऱ्यास अर्ज करता येतो. जो निकालाची वाट पाहतो, त्याचे एक वर्ष हातचे जाते.

परीक्षेचे माध्यम इंग्रजी व हिंदी आहे, मराठी नाही. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास विषय येत असला तरी संज्ञा परक्या वाटतात आणि त्यांची सवय दोन महिन्यांत होत नाही. म्हणून निर्णय पदवीच्या दुसऱ्या वर्षीच व्हावा, हे उत्तम. तो घ्यायला लावणे हे प्राध्यापकांचे काम आहे.

एक वर्ष थांबावे काय, असा प्रश्न पालक विचारतात. ते वर्ष संज्ञांची तयारी, संख्याशास्त्राचा अभ्यास किंवा एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम यांत जाणार असेल, तर थांबण्यात तोटा नाही. केवळ ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून थांबणे घातक होय. राज्यातील विद्यापीठात प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षेस बसणे हाही मार्ग आहे, परंतु घरच्या खर्चाचा हिशेब आधी मांडलेला बरा.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्याने अधिक सावध असावे. हा व्यवसाय भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीखाली येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील व्याख्या एम.ए. नंतरच्या दोन वर्षांच्या एम.फिल.वर आधारलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केली, या विषयापुरती मुदत पुढे २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत वाढवून देण्यात आली. त्यामुळे जुन्या विद्यार्थ्याचा सल्ला आज जसाच्या तसा उपयोगी पडेल असे नाही. अर्ज भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमास त्या वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे तपासलेच पाहिजे. साधी एम.ए. पदवी आणि नोंदणीयोग्य पात्रता यांतील फरक फार जणांना प्रवेशानंतर कळतो.

आता दाखल्यांविषयी. जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे. राज्यात त्याची गणना विमुक्त जातींत होते; केंद्रीय संस्थांत मात्र तो इतर मागासवर्गात येतो. तेथे राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातील लागते. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्रही बहुधा चालू आर्थिक वर्षाचे मागितले जाते. अर्ज जानेवारीत, प्रवेश पावसाळ्यात, आणि मध्ये ३१ मार्च! हिवाळ्यात काढलेला दाखला प्रवेशाच्या वेळी जुना ठरू शकतो. एप्रिल उजाडताच नवीन दाखल्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यास लागणारा उत्पन्नाचा दाखला व जातीचे पुरावे आधीच जमवून ठेवण्यास ग्रामपंचायत सदस्य व तलाठी यांनी साहाय्य केले, तर विद्यार्थ्याच्या तहसील कचेरीतील चार फेऱ्या वाचतील.