गर्भवतीचे ताट : समजुती आणि शास्त्र

मराठी घरात डोहाळजेवण होते, तर बेंगळुरूतील कन्नड घरात ‘सीमंत’ होते. दोन्हीकडे गर्भवतीचे कोडकौतुक केले जाते. परंतु याच घरांतून ‘पपई उष्ण असते, खाऊ नकोस’, ‘जास्त जेवलीस तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल’ अशी बंधनेही घातली जातात.

सर्वच समजुती निराधार नसतात. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून ती टाळणे योग्य होय. पिकलेल्या पपईत हा चीक फारसा उरत नाही. कमी जेवण्याची समजूत मात्र घातकच आहे. त्यामुळे बाळाचे वजन कमी भरते व आई अशक्त होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला.

कर्नाटक शासनाने २ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘मातृपूर्ण’ योजना राज्यभर सुरू केली. तिच्याद्वारे गर्भवतींना अंगणवाडीत भात, सांबार, अंडे, दूध व शेंगदाण्याची चिक्की असे जेवण मिळू लागले.

परंपरेतील माया आपण जरूर जपावी. मात्र गर्भवतीच्या ताटातला घास काढून घेणारी समजूत डॉक्टरांना किंवा अंगणवाडी सेविकेला विचारून पारखून घ्यावी.